पट्टी आणि बघू

सुमनताई, मी आज जो कोणी आहे त्यात सगळ्यांत मोठा वाटा तुमचा आहे. हे वाक्य तुम्हाला आवडलं नसतं. "मोठा म्हंजी केवढा? माप टाक," असं म्हणून तुम्ही कागद परत सरकवला असता. माप टाकता येत नाही, ताई. म्हणूनच लिहायला बसलो.

परवा देहूला इंद्रायणीच्या काठी तुमचं दहाव्याचं झालं. पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरकलो. माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरचे पुढे होऊन एकेक गोष्ट कबूल करत जातात, हे मी आमच्या गावाकडे पाहिलेलं होतं. माझीही तयारी होती. पण कावळा आला तो थेट आला, घास उचलला आणि गेला. अण्णांनी, तुमच्या यजमानांनी, टोपी नीट केली आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "तिचं काय बी पेंडिंग नव्हतं." रडणारी माणसंसुद्धा हसली. एवढ्या संसारानंतर नवऱ्याने बायकोबद्दल काढलेले हे उद्गार मला फार आवडले. तरी परत येताना टेम्पोत बसल्यावर मनात आलं, की आपला वाद तर पेंडिंग होता.

हे वाचणाऱ्यांत तुम्हाला न ओळखणारेही असतील, म्हणून वाद कशाचा होता ते सांगतो. कंपनीत बाहेरून येणारी वीज आधी एका लोखंडी कपाटात येते आणि तिथून मशीनमशीनला वाटली जाते. ते कपाट म्हणजे पॅनेल. कुरुळीतल्या तुमच्या शेडमध्ये आपण ही कपाटं बनवतो. कपाटाच्या आत वीज न्यायचे दोन रस्ते असतात. एक म्हणजे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची सपाट पट्टी. पुस्तकात तिला बसबार म्हणतात. दुसरा रस्ता केबलचा. मोठा करंट असेल तिथे पट्टी घालावी, यावर आपलं कधी भांडण नव्हतं. भांडण होतं ते त्याच्या पुढच्या भागावर. मेन पट्टीपासून निघून एकेका मशीनकडे जाणारा जो फाटा असतो, ज्याला आपण आउटगोइंग म्हणतो, तिथपर्यंतही पट्टीच न्यावी असं तुमचं म्हणणं. तिथे केबल बरी असं माझं.

पण केबलला तुम्ही केबल म्हणतच नव्हता. तुम्ही तिला 'बघू' म्हणायचात. पट्टी घालायची तर आधी सगळं ठरवावं लागतं. कुठून निघणार, कुठे वळणार, भोक कुठे, आधार कुठे, किती भार येणार. केबलचं तसं नसतं. जरा लांब ठेवायची, वळवून कोपऱ्यात बसवायची, पुढचं नंतर बघू. "ज्याचं ठरत न्हाई त्यो केबल घालतो," असं तुमचं मत. त्यामुळे आपल्या शेडमध्ये कोणी ओरडून सांगितलं, "खालच्या खणात बघू टाक," की नवा माणूस खणात डोकं घालून बघायला लागायचा.

आणि नेमका हाच शब्द मी तुम्हाला उत्तर म्हणून देत होतो. तुम्ही विचारलं होतंत, "माझ्यामागं शेड चालवशील का?" मी म्हणालो होतो, "बघू, ताई."

मी पहिल्यांदा तुमच्या दारात आलो तेव्हा माझ्याजवळ उदगीरकडची भाषा होती आणि इलेक्ट्रिकलची पदवी होती. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. वडील धान्याच्या बाजारात, मोंढ्यात, हमाली करायचे. मी पदवीचा कागद घेऊन आलो तेव्हा त्यांनी तो हात धुऊन, पुसून मग हातात घेतला होता. तो कागद घेऊन मी चाकणच्या कंपन्यांमध्ये मुलाखती देत फिरत होतो. प्रश्न कळायचा, उत्तरही यायचं, पण ते इंग्रजीतून बाहेर पडेपर्यंत समोरच्या साहेबांनी पुढच्या उमेदवाराची फाइल उघडलेली असायची. कुरुळीत ज्या खोलीवर मी राहत होतो तिथला एकजण म्हणाला, इथल्याच एका ताईंची पॅनेलची शेड आहे, जाऊन ये.

तुम्ही शेडच्या पायरीवर बसून कात्रीने लग्नपत्रिका कापत होता. मला वाटलं, पत्ता चुकला.

"काय येतं?" तुम्ही मान वर न करता विचारलंत.

"इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग झालंय."

"ते झालं. येतं काय?"

माझ्याजवळ खरं बोलण्यावाचून काही नव्हतं. म्हणालो, "शिकवलं तर येईल."

तेव्हा तुम्ही वर पाहिलंत. "बरं. आतनं पट्टी आण जरा."

मी आत गेलो, टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि अदबीने तुमच्यापुढे धरली. तांबं वाकवायच्या मशीनवर पोपटदादा होते. ते मशीन सोडून खाली बसले आणि पोट धरून हसले. "ताई, साहेबांनी शाळंतली आणली." तुम्ही हसला नाहीत. माझ्या हातातून फूटपट्टी घेतलीत आणि मांडीवरच्या पत्रिकेला लावलीत. "आणलीय तर वापरू. पोपट, तुझं मशीन काय हसण्यावर चालतं का रं?" मग भिंतीला टेकवलेल्या तांब्याच्या लांब चकचकीत पट्ट्या दाखवून म्हणालात, "आमी ह्याला पट्टी म्हणतो. तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?"

"बसबार."

"आधी बघितला व्हता?"

"चित्रात."

"आता हात लावून बघ." मी हात लावला. थंडगार होती. तुम्ही म्हणालात, "चहा घे. बघू."

एवढंच. त्या 'बघू'वर मी दुसऱ्या दिवशीपासून यायला लागलो. ती फूटपट्टी मात्र तुम्ही तुमच्याच टेबलावर ठेवलीत. कोणी गिऱ्हाईक मला फार भाव द्यायला लागलं की ती हळूच माझ्याकडे सरकवायचात.

पत्रिकांचं कोडं मला त्याच आठवड्यात उलगडलं. तांब्याची पट्टी एकदा वाकवली, चुकली, आणि परत सरळ करून वाकवायला गेलं की ती कडक होते, वळणावर चिरते. म्हणून आधी जाड कागदाचा फर्मा करायचा, तो पॅनेलच्या आत धरून बघायचा, बसला की त्यावरून तांबं वाकवायचं. जाड कागद विकत आणण्यापेक्षा लग्नपत्रिका बऱ्या, हा तुमचा शोध. गावात लग्न उरकलं की बायका पत्रिका तुमच्याकडे आणून द्यायच्या. लाल, पिवळ्या, निळ्या अशा तीन फेजच्या तीन पट्ट्यांसाठी त्या चिकटपट्टीने जोडून तुम्ही पॅनेलमध्ये डोकं घालायचात आणि आतून तुमचा आवाज यायचा, "पोपट, लाल फेजला नवरी बसली. पिवळ्याला मामाचं आग्रहाचं निमंत्रण." पोपटदादा बाहेरून विचारायचे, "आणि नवरदेव?" "त्यो उलटा बसलाय. कापावा लागंल." गणपतीचं चित्र असलेला भाग तेवढा तुम्ही बाजूला काढून देव्हाऱ्यात ठेवायचात. अक्षता मात्र निळ्या फेजवरही चालायच्या.

ताई, तुम्ही मला काय दिलंत हे सांगायला गेलो की मला हीच पायरी, हीच कात्री आठवते. गिऱ्हाइकाशी बोलताना मी इंग्रजी जुळवत बसायचो. तुम्ही एकदा चारचौघांत म्हणालात, "बालाजी, तुला जे कळलंय ते आधी मराठीत सांग. त्यांना न्हाई कळलं तर ते इचारतील." मी मराठीत सांगितलं. त्यांना कळलं. त्यांनी विचारलंही, आणि मला उत्तर देता आलं. त्या दिवसानंतर मी गिऱ्हाइकापुढे आधी मराठीतच बोलायला लागलो. पुढे इंग्रजीही आपोआप आली, पण ती नंतर.

आपल्या वादाला खरं तोंड फुटलं ते चाकणच्या एका कारखान्यात. दुसऱ्या कोणी बनवलेलं पॅनेल गरम होतं म्हणून आपल्याला बोलावलं होतं. तुम्ही दार उघडलंत आणि आधी वास घेतलात. मोठा करंट न्यायचा म्हणून एकेका टोकाला चार-चार केबल दाटीने लावलेल्या. टोकं एकमेकांवर चढलेली, बोल्ट सैल, रबर करपलेलं. दार नीट लागावं म्हणून कोणीतरी ते केबलींवर दाबून बसवलं होतं. तुम्ही तिथल्या साहेबांना काही बोलला नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणालात, "बघितलास? हे सगळं बघू हाय. कुणीच बसून ठरवलं न्हाई." आपण तिथे पट्टी घालून दिली. लाल, पिवळी, निळी, मधे ठराविक अंतर, मागे आधार, प्रत्येक बोल्ट मापात आवळून वर खुणेची रंगीत रेघ. ते पॅनेल आजही हाताला गार लागतं. त्या वेळी तुमचं शंभर टक्के बरोबर होतं.

पण दुसऱ्या एका कारखान्यात आपलंच पॅनेल होतं, आठवतंय ना? आउटगोइंगपर्यंत पट्टी नेलेली, देखणी. त्यांनी एक प्रेस मशीन इकडचं तिकडे हलवलं, फाटा दुसऱ्या खणातून काढायचा झाला आणि पट्टी काही सरकेना. सगळा कारखाना बंद ठेवून रविवारी आपण नवीन पट्टी वाकवली. मी घाम पुसत म्हणालो, "ताई, इथं केबल असती तर चहाच्या सुट्टीत काम झालं असतं." तुम्ही बोल्ट आवळत म्हणालात, "व्हय. आणि चहा बी त्याच्यावरच गरम झाला असता." पोपटदादांनी आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मी मशीनवाला हाय, मला ह्यात घेऊ नका."

त्या रविवारी खरं तर मी निगडीला अभ्यासिकेत असायला हवा होतो. सरकारी परीक्षांचा अभ्यास मी सोडला नव्हता. वडिलांना मी साहेब झालेला बघायचा होता, आणि कुरुळीतली शेड ही माझ्या मनात वाटेवरची थांबायची जागा होती. तुम्हाला ते ठाऊक होतं. परीक्षा जवळ आली की तुम्ही शनिवारी मला दुपारीच हाकलायचात, वर डबा द्यायचात. "पास झालास तर पेढे मीच वाटीन," म्हणायचात, आणि ते मनापासून असायचं. पण एकदा मी तापाने पडलो तेव्हा तुम्ही आणि अण्णा खोलीवर आला होता. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. "एवढी वर्षं झाली, तुझे कपडे अजून बॅगेतच?" मी म्हणालो, कपाट घ्यायचं आहे, बघू. तुम्ही अण्णांकडे वळून म्हणालात, "ऐकलं का? हा माणूस न्हाई, केबल हाय. टोकाला गुंडाळून ठेवलीय, कुठं बी जोडा." तापातही मला हसू आलं. नंतर बराच काळ ते बोलणं आठवत राहिलं.

मग तुमचं शेडवर येणं थांबलं. मी ड्रॉइंग घेऊन घरी यायला लागलो. तुम्ही उशीला टेकून, चष्मा नाकावर ओढून, लाल पेनने रेघा ओढायचात. रेघ जिथे संपायला हवी तिथेच संपायची. शेड चालवण्याचं तुम्ही त्याच दिवसांत विचारलंत. साधं, पाणी मागावं तसं. अण्णांना टेम्पो आणि हिशेब जमतो, पोपटदादांना मशीन, पण ठरवायला कोणी हवं होतं. काम बंद करून तुम्ही शेड भाड्याने दिली असती तर चाकणमध्ये गोदाम मागणारे पुष्कळ होते. तुम्हाला ते नको होतं. आणि माझं आपलं, बघू.

शेवटचं पॅनेल गाडीचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं होतं. मी ड्रॉइंगमध्ये आउटगोइंगला केबल दाखवली होती. तुम्ही तिथे लाल गोल केलात.

"हितं बघू कशाला?"

"ताई, यांची मशीनची लाइन सारखी बदलते."

"मग त्यांना म्हणावं, ठरवून या."

"त्यांना ठरवता येत नाही, ताई. गाडीचं मॉडेल बदललं की यांचं बदलतं. त्यांच्या हातात नाही ते."

तुम्ही चष्मा काढलात. "आणि तुझं? तुझं कुणाच्या हातात हाय?"

अण्णा चहा घेऊन आले होते. ते दारातच थांबले. "अगं, पॅनेलचं चाललंय का त्याचं?"

"एकच हाय," तुम्ही म्हणालात. "चहा घे, बालाजी."

मी चहा घेतला. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत, इकडचं तिकडचं बोलत राहिलात, मोशीला कुठल्या दुकानात चांगली कात्री मिळते वगैरे. मला निरोप देताना तुमचा चेहरा नेहमीसारखाच होता. तेवढ्यामुळेच मला घरी जाऊन लिहायची बुद्धी झाली. तुम्ही रागावला असतात तर मी पुन्हा काहीतरी अर्धवट बोलून वेळ मारून नेली असती.

माझं पत्र तयार झालं तोवर तुम्हाला निगडीच्या दवाखान्यात हलवलं होतं. भेटायला एकालाच आत सोडत होते. दोन गोष्टींचं ते पत्र मी अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण तोंडावर हसू होतं. "म्हणाली, पहिलं बरोबर. दुसरं चूक."

"दुसरं का चूक?"

"ते म्हणं मी त्याला तोंडानं सांगीन."

ते तेवढं राहिलं, ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला.

देहूहून परत आल्यावर मी शेडमध्ये गेलो. पोपटदादा एकटेच बसले होते. मी त्यांना पत्रातलं सांगितलं, तुमचा निकालही सांगितला. त्यांनी मशीनच्या दांड्यावरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "तू पहिल्या दिवशी चहा पिऊन गेलास ना, तर फाटकातनं बाहेर पडायच्या आधी ताई मला म्हणली, पोपट, टेबलाचा डावा खण रिकामा कर, पोरगं उद्यापासून येतंय." मी विचारलं, "पण त्या तर बघू म्हणाल्या होत्या." पोपटदादा म्हणाले, "तुला म्हणली. मला न्हाई."

तो डावा खण मी इतकी वर्षं वापरतो आहे. तो आधीच रिकामा असेल असं मी धरून चाललो होतो.

म्हणजे तुमचं ते 'बघू' बघू नव्हतंच, ठरलेलं होतं; दुसरं का चूक, ते बहुधा मला कळलं. तुम्ही तोंडाने सांगितलं असतंत तर मी आणखी वाद घातला असता, आणि तो मजेचा झाला असता. आता तो मी एकटाच घालतो. ते शेवटचं पॅनेल शेडमध्ये उभं आहे. मेन पट्टी चढली आहे, तुम्ही काढली तशी, शेवटची काही वळणं तुम्ही घरी उशीला टेकून कापलेल्या फर्म्यांवरून. आउटगोइंगची जागा मोकळी आहे. काल पोपटदादांनी विचारलं, "तिथं काय टाकायचं?" मी म्हणालो, "केबल." ते म्हणाले, "बघू न्हाई म्हणलास?" "नाही," मी म्हणालो, "केबल. ठरलंय." तुम्ही चूक म्हणालात तरी, ताई. ठरवायला तुम्हीच शिकवलंत, त्याला माझा इलाज नाही.

अण्णांनी पत्र जपून ठेवलं आहे. त्यांच्याकडून मागून घेऊन इथे उतरवून काढतो.

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार. समोर बोलायला गेलो की तोंडातून 'बघू' निघतं, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. मी शेड चालवीन. वडिलांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तिथं तुला कोणी साहेब म्हणतंय का?" मी म्हणालो, पोपटदादा म्हणतात, पण चिडवायला. ते हसले आणि म्हणाले, "मग आमाला येऊन बघू दे एकदा तुझी कपाटं." त्यांना घेऊन येतो. तुम्ही बऱ्या झालात की पायरीवर बसवून तुमच्याच हाताने चहा द्या. अभ्यासिकेतली जागा सोडली आहे. खोलीत कपाट आणलं. कपडे लावून झाले, बॅग मोकळी करून माळ्यावर टाकली.

दुसरी गोष्ट. आउटगोइंगला केबलच. मेन पट्टी तुम्ही काढलीत तशीच राहील, त्यात एक सूतही हलवणार नाही. पण 'बघू'ला तुम्ही इतकं कमी लेखता ते मला पटत नाही. मी तुमच्या दारात आलो तेव्हा तुम्ही माझी मापं घेतली असती तर माझं एकही भोक तुमच्याकडे जुळलं नसतं. तुम्ही मापं घेतली नाहीत. "चहा घे, बघू," म्हणालात. त्या एका शब्दावर मी उभा राहिलो. म्हणून म्हणतो, सगळं पक्कं असलेल्या पॅनेलमध्येही थोडी जागा अशी असावी, जिथे उद्या येणाऱ्याला जोडून घेता येईल.

दोन्हींवर तुमचं मत कळवा. पहिल्यावर नाही कळवलंत तरी चालेल, ते ठरलेलं आहे.

हे लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं आहे, मुद्दाम. कागद चांगला जाड आहे. वाचून झालं की कापायला घ्या.

तुमचा,
बालाजी